बंद पडली की बंद पाडली?

माझा नातू फोटो काढतो. नोकरीला लागल्यावर पहिल्या वर्षाच्या पगारातून त्याने चांगला महागडा कॅमेरा घेतला आणि आता सुट्टीच्या दिवशी तो आणि त्याचे दोन मित्र ओसाड इमारती शोधत हिंडतात. बंद गिरण्या, बंद कारखाने, कुठेतरी आडबाजूला पडलेलं एखादं इस्पितळ... जिथे कोणी राहत नाही आणि जिथे जायला मनाई आहे अशी जागा सापडली की स्वारी खूश! लग्नांचे आणि पक्ष्यांचे फोटो काढणारी मुलं मी पाहिली होती, पण पडक्या भिंतींसाठी पहाटे पाचला उठणारा हा पहिलाच. (शाळेत असताना त्याला सातला उठवताना त्याच्या आईचा घसा बसायचा, ते असो.)

यंदा गणपतीत सगळे जमलो तेव्हा त्याने टीव्हीला फोन जोडून ते फोटो आम्हाला दाखवले. सगळ्यांनी वाहवा केली. मीही केली, कारण फोटो खरोखरच सुंदर होते. पण चौथ्या-पाचव्या फोटोनंतर माझ्या तोंडून जे निघालं त्याने ऐन गणपतीत घर चिडीचूप झालं. सूनबाई म्हणाली, "आई, मुलगा एवढ्या हौसेने दाखवतोय आणि तुम्ही त्याचा पेपर तपासताय!" खरं आहे. चौतीस वर्षं पेपर तपासले, सवय जात नाही. त्या दिवशी रागाच्या भरात मला नीट मांडता आलं नाही, ते आज इथे मांडते. घरची मंडळी हे वाचतात याची मला कल्पना आहे. वाचावंच.

तर झालं असं. पडद्यावर एक लांबच लांब शेड होतं. लोखंडी खांबांच्या रांगा, जमिनीवर साचलेलं पावसाचं पाणी, पाण्यात खांबांची प्रतिबिंबं आणि वरून उतरणारा मऊ पांढरा उजेड. मी विचारलं, "कुठली रे ही?"

"लालबागकडची कुठलीतरी मिल आहे, आजी."

"कुठलीतरी म्हणजे?"

"पाटी नव्हती गं."

फोटोखाली मात्र इंग्रजीत एक ओळ होती. मराठीतून बी.ए. झालेली बाई मी, तरी इतकं इंग्रजी मला कळतं. अर्थ असा, की काळाने गिळलेली ही वास्तू आता निसर्ग हळूहळू परत घेतो आहे.

मग त्याने ज्या गल्लीतून आत शिरले त्या गल्लीचं नाव सांगितलं आणि मी गप्पच झाले. माझे वडील त्या गिरणीत सत्तावीस वर्षं साचेखात्यात होते. पणजोबा गिरणीत होते एवढं नातवाला माहीत होतं. कुठल्या, ते त्याने कधी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही कधी सांगितलं नव्हतं. (गिरणीचं नाव मी इथे लिहीत नाही. पुढे ज्या वहिनींची हकीगत येणार आहे त्यांचं प्रकरण अजून निकालात निघालेलं नाही म्हणून. नातवाकडून मात्र नाव, साल, खातं सगळं फोटोंखाली लिहून घेतलं आहे.)

आता त्या ओळीकडे वळू. 'काळाने गिळली.' 'निसर्ग परत घेतो आहे.' आपणही बोलताना सहज म्हणतो, 'गिरणी बंद पडली.' मी सातवीच्या मुलांना प्रयोग शिकवायची तेव्हा पहिला प्रश्न हाच असायचा, वाक्यात कर्ता कोण? 'गिरणी बंद पडली' यात कर्ता गिरणीच! म्हणजे म्हातारी चालता चालता अडखळली आणि पडली, कोणाचा दोष नाही. 'गिरणी बंद पाडली' म्हटलं की लगेच ऐकणारा विचारतो, कोणी? एका कान्याचा फरक आहे. तो काना गाळला की विद्यार्थ्याचा अर्धा गुण मी कापत असे.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. डॉ. दत्ता सामंत नेते. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम करा ही मागणी होती, आणि १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघटनेला मान्यता मिळते तो कायदा नको होता. संप मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. कोणी म्हणतात संपाने गिरण्या बुडवल्या. कोणी म्हणतात मालकांना गिरण्या नकोच होत्या, जमीन हवी होती, संप त्यांच्या पथ्यावर पडला. सरकारने काय केलं आणि काय केलं नाही यावर आमच्या चाळीच्या कट्ट्यावर अजून भांडणं होतात. होऊ देत! त्या भांडणात निदान कर्ता तरी आहे. माझा वाद त्या तिसऱ्या पक्षाशी आहे, जो हळुवार आवाजात म्हणतो, 'काळाचा महिमा.' काळ म्हणे! काळाने कधी कोणाला टाळेबंदीची नोटीस दिली आहे?

आणि निसर्ग परत घेतो आहे म्हणजे काय? भिंतीत पिंपळ उगवलेला दिसतो, त्याचा फोटो फार गोड येतो. पिंपळ उगवतो कारण पन्हळी साफ करायला माणूस उरलेला नसतो. माणूस उरलेला नसतो कारण शेडपेक्षा शेडखालच्या जमिनीला भाव आलेला असतो. हेही काळाच्या माथी मारू नका, त्याचे कागद आहेत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. गिरणीच्या जमिनीचा साधारण तिसरा हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, तिसरा म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. २००१ मध्ये त्या नियमात बदल झाला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची करायची असं ठरलं, म्हणजे जिच्यावर आधीच बांधकाम आहे ती वगळून. आता गिरणी कोणी पाहिली असेल त्याने सांगावं, तिथे शेडं सोडून मोकळी जमीन असते किती? प्रकरण कोर्टात गेलं. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये फिरवला आणि २००१ चा बदल कायम राहिला. सुमारे सहाशे एकर जमिनीचा हा विषय होता. तेव्हा पुढच्या वेळी पिंपळाचा फोटो काढाल तर खाली हेही लिहा. झाडाला काही बोल लावत नाही मी.

आता त्या उजेडाबद्दल. नातू आणि त्याचे मित्र त्या उजेडासाठी वेडे आहेत. "आजी, असा लाइट स्टुडिओत पैसे देऊन मिळत नाही!" मी म्हटलं, मिळाला नव्हताच तो, पैसे देऊनच घेतला होता. साचेखात्याचं छप्पर करवतीच्या दातांसारखं असतं. प्रत्येक दाताची एक बाजू पत्र्याची किंवा कौलांची, उतरती, आणि दुसरी जवळजवळ उभी, काचेची, तिचं तोंड उत्तरेला. उत्तरेकडून ऊन सहसा थेट येत नाही, म्हणून आत दिवसभर सारखा, सावली न पाडणारा उजेड राहतो. तो कशासाठी? तुटलेला धागा दिसावा म्हणून. कापडात डाग पडला, वीण चुकली तर लगेच डोळ्यात भरावी म्हणून. त्या उजेडाखाली दोन-दोन साच्यांच्या मध्ये आठ तास उभं राहून वडिलांनी डोळ्यांत तेल घालून तेच पाहिलं. धागा कोरड्या हवेत तुटतो, म्हणून आत दमट हवा सोडायची आणि खिडक्या बंद. कापसाची तूस श्वासात. आणि आवाज! शेकडो साचे एकदम चालले की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून साचेखात्यातली माणसं ओठांच्या हालचालींवरून आणि हातांच्या खुणांनी बोलायची. वडील घरी आले तरी मोठ्यानेच बोलत. आमच्या चाळीत नव्याने राहायला आलेल्यांना वाटायचं, ह्या घरात रोज भांडण असतं.

हे सगळं त्या फोटोत नाही. फोटोत शांतता आहे, आणि खाली लाइक करणाऱ्यांनीही तेच लिहिलंय, किती शांत, किती गूढ. गिरणीत शांतता ही गोष्ट किती भयंकर असते ते १९८२ मध्ये आमच्याकडे येऊन बघायला हवं होतं. तीन पाळ्यांचे भोंगे बंद झाले तेव्हा घड्याळ नसलेल्या बायकांना स्वयंपाकाची वेळ कळेना. मी तेव्हा लालबागच्याच शाळेत शिकवत होते. त्या जूनमध्ये वर्ग भरला तेव्हा माझ्या वर्गातली अकरा मुलं आलीच नाहीत. कोणाला कोकणात आजोळी पाठवलं होतं, कोणी सातारकडे, कोणी वडापावच्या गाडीवर. काही महिने वाट पाहून मी हजेरीपटातली त्यांची नावं लाल शाईने कमी केली. नियमच तसा होता.

हजेरीपट म्हटलं म्हणून आता त्या फोटोकडे येते, ज्याच्यावरून सगळं बिनसलं.

एक खोली. फुटकी खिडकी. जमिनीवर भिजलेल्या, फुगलेल्या कागदांचा खच, मोठमोठी वह्यांसारखी बाडं, एकावर एक पडलेली, आणि त्यांच्यावर वाळलेली पिंपळाची पानं. फोटोचं नाव, 'पानगळ'. मराठीत हं! आजीला आवडेल म्हणून खास मराठीत. त्या फोटोला सगळ्यात जास्त लाइक मिळाले होते.

मी म्हटलं, जरा मोठा कर. त्याने केला. रकाने दिसले. तिकीट नंबर, नाव, आणि पुढे एक ते एकतीस. ते गिरणीचं मस्टर होतं. हजेरी!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांसाठी घरं बांधायचं ठरलं, त्याची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर जो गिरणीच्या नोंदीत होता तो, किंवा तो गेला असेल तर त्याचा वारस, अर्ज करू शकतो. दीड लाखाच्या आसपास अर्ज आले आणि घरं त्या मानाने मूठभर. २०२३ मध्ये पात्रता ठरवण्याची मोहीम निघाली आणि सगळ्यांकडून पुन्हा कागद मागवले. गिरणीचा पास, तिकीट नंबर, ईएसआयचं कार्ड, पगाराची चिठ्ठी, फंडाची पावती... काहीतरी दाखवा की तुमचा माणूस इथे कामाला होता.

आमच्या जुन्या चाळीत तळमजल्यावर एक वहिनी होत्या. यजमान त्याच गिरणीत, त्रासनखात्यात, बरीच वर्षं बदलीवर. ते गेले. घरातले कागद २६ जुलै २००५ च्या पाण्यात गेले, ट्रंकेसकट. वहिनी आता दिव्याला लेकीकडे असतात. २०२३ मध्ये त्या माझ्याकडे आल्या. "बाई, तुम्ही शिकलेल्या, काहीतरी लिहून द्या." मी लिहून दिलं. माझ्या लिहिण्याला काय किंमत? त्यांच्याबरोबर मी चार कचेऱ्या हिंडले. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, सभ्यपणे विचारलेला. नोंद आहे का? गिरणीकडच्या नोंदी कुठे आहेत? मिळत नाहीत म्हणतात. वहिनी बाकावर बसून म्हणाल्या, "म्हणजे हे तिकडे गेलेच नव्हते म्हणायचं का, बाई? रोज डबा तर मीच भरून द्यायचे."

आणि माझ्या नातवाने ते मस्टर २०२२ च्या पावसाळ्यात पाहिलं होतं. त्याच्यासमोर गुडघे टेकून बसला होता. अर्धा तास घालवला त्याने त्या फोटोवर, तोच अभिमानाने सांगत होता!

आम्ही तो फोटो जमेल तितका मोठा करून पाहिला. पुढचं पिंपळाचं पान इतकं स्पष्ट आहे की त्याच्या शिरा मोजाव्यात. त्याच्यावरचा पाण्याचा थेंबही स्पष्ट. मागची नावं धूसर. मुद्दाम धूसर, तशी करण्यात म्हणे कसब असतं. वरच्या कोपऱ्यात महिना वाचता येतो, साल येत नाही. मी विचारलं, "परत जाऊन काढता येईल?" तो म्हणाला, "आजी, ते शेड गेल्या वर्षी पाडलं."

त्यात वहिनींच्या यजमानांचं नाव होतंच असं मी म्हणत नाही. दुसऱ्या खात्याचं असेल, दुसऱ्या सालचं असेल. आणि दुसऱ्या कोणी टिपलेला फोटो कचेरीत कितपत ग्राह्य धरला असता तेही मला माहीत नाही. पण कोणाची तरी नावं तिथे होती. रोज पाळीला जाऊन आलेल्या माणसांची नावं, आणि आमच्या घरच्या मुलाने त्यांच्यातून पिंपळाचं पान निवडलं. मी त्या दिवशी जे बोलले ते हेच, फक्त जास्त वाईट शब्दांत.

नातवाने बाजू मांडली, ती लिहायला हवी. या छंदाचा एक नियम आहे म्हणाला, तिथून फोटोशिवाय काही न्यायचं नाही आणि पावलांच्या खुणांशिवाय काही ठेवायचं नाही. म्हणून त्याने मस्टरला हात लावला नाही. नियम चांगला आहे. चोर आणि भंगारवाले यांच्यापेक्षा आपण वेगळे, हे त्यात आहे. या छंदाला जगभर ज्याने नावारूपाला आणलं तो कॅनडातला जेफ चॅपमन म्हणून तरुण होता, टोरांटोचा. १९९६ मध्ये त्याने या विषयावर एक छोटं नियतकालिक सुरू केलं. तो आजारी असायचा, आणि टोरांटोच्या ज्या इस्पितळात उपचार चालले होते त्याचीच तळघरं आणि बोळ हिंडत त्याला ही गोडी लागली. २००५ मध्ये, एकतिसाव्या वर्षी तो गेला. मला त्या मुलाबद्दल माया वाटली. पण बघा, तो ज्या इमारतीत हिंडला ती चालती होती, आणि तो स्वतः तिथला रुग्ण होता. आत काय चालतं, पाइप कुठे जातात, दार कुठे उघडतं, ह्याचं त्याला कुतूहल होतं. आता कुतूहल गळालंय आणि उदास रंग तेवढा उरलाय, असं मला नातवाने दाखवलेली पानं बघून वाटतं.

विशेषतः इस्पितळांचे फोटो. परदेशातल्या बंद इस्पितळांचे त्याने ढीगभर दाखवले. पोपडे उडालेला हिरवा रंग, लांब व्हरांडा आणि बरोब्बर मधोमध, खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात, एक चाकांची खुर्ची. एका फोटोत ठीक. पण दहा इस्पितळांत दहा खुर्च्या आणि दहाही उन्हात? मी विचारलं, "ही आपली आपण चालत येते का रे?" तो हसला. म्हणाला, ठेवतात. कोणीतरी ठेवतं, मग पुढचा तिथेच फोटो काढतो. मग मला शंका आली. त्याच्या स्वतःच्या एका फोटोत गिरणीच्या दवाखान्यातल्या गंजक्या खाटेखाली एकच चप्पल होती, बाईची, लाल पट्ट्याची. सगळ्यांनी त्यावर हळहळ व्यक्त केली होती. "ही कोणाची?" नातू जरा वेळाने म्हणाला, "बाहेर उकिरड्यावर सापडली, मी आत ठेवली."

याला निबंधात आम्ही खोटा दाखला म्हणायचो. खऱ्या हजारो चपला ज्या दारातून आत-बाहेर गेल्या तिथे खोटी चप्पल ठेवून रडू आणायचं! आणि खरं मस्टर, ते मात्र धूसर.

असा छंद चांगल्या रीतीने करता येतो का? येतो. न्यूयॉर्क राज्यात विलर्ड नावाचं मनोरुग्णांचं मोठं इस्पितळ होतं, १८६९ पासूनचं. १९९५ मध्ये ते बंद होत असताना माळ्यावर सुमारे चारशे बॅगा सापडल्या. रुग्ण भरती होताना घेऊन आलेले आणि पुन्हा ज्या कधी उघडल्याच नाहीत अशा. तिथल्या कर्मचाऱ्यांनी त्या फेकू दिल्या नाहीत, राज्याच्या संग्रहालयाकडे गेल्या. मग डार्बी पेनी आणि पीटर स्टॅस्टनी या दोघांनी त्यांतल्या काही माणसांची आयुष्यं कागदपत्रांतून शोधून काढली, २००८ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. पुढे जॉन क्रिस्पिन नावाच्या छायाचित्रकाराने बॅगा एकेक उघडून आतल्या वस्तूंचे फोटो काढले. नातवाने मला ते दाखवले. साधे, सरळ, सगळं स्पष्ट दिसेल असे. ब्रश, पत्रं, शिवणाचं सामान. उन्हाचा पट्टा नाही. आणि मला त्यांनीच जास्त रडवलं.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. रुग्णांची नावं मनोरुग्णालयाच्या गोपनीयतेच्या नियमांमुळे पूर्ण छापता आली नाहीत, आणि मला वाटतं आजारपणाच्या बाबतीत असा आडपडदा योग्यच आहे. बंद इस्पितळात केसपेपर पडलेले दिसले तर त्यांचा फोटो जगाला दाखवू नये. कोणाच्या तरी आईचा आजार आहे तो. पण मस्टर म्हणजे केसपेपर नव्हे. हजेरी ही लपवायची गोष्ट नाही, ती लावलेली दिसावी म्हणूनच माणूस धावत गेट गाठायचा. कुठे नाव झाकायचं आणि कुठे उघडं ठेवायचं हा विचार व्हायला हवा, आणि सगळीकडे सरसकट धूसर केलं की तो करावाच लागत नाही.

आणखी एक विषय आहे. टाळला तर लेख खोटा होईल. २२ ऑगस्ट २०१३. महालक्ष्मीची शक्ती मिल, वर्षानुवर्षं बंद. एक बावीस वर्षांची वृत्तछायाचित्रकार मुलगी सहकाऱ्याबरोबर तिथे कामासाठी फोटो काढायला गेली होती आणि तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्याच जागी आधीच्या महिन्यात आणखी एका मुलीवर अत्याचार झाल्याचं नंतर उघड झालं. तेव्हा आमच्याच ओळखीतल्या शहाण्यांनी विचारलं होतं, 'ती तिथे गेलीच कशाला?' ती कामावर गेली होती! गिरणीत कामावर जाण्याची मुंबईत जुनी पद्धत आहे. विचारायचं तर हे विचारा, शहराच्या मध्यावर एवढी मोठी जागा, दिवा नाही, पहारा नाही, अशी वर्षानुवर्षं कोणी ठेवली? पुन्हा तेच. आपल्या वाक्यात मुलगी कर्ता झाली, आणि जागा आपोआप ओसाड 'पडली'. म्हणून मला 'गूढ', 'निर्मनुष्य' असले शब्द ऐकवत नाहीत. शहरात निर्मनुष्य जागा नसते. तिथे कोणीतरी असतंच, आणि नसेल तर कोणाला तरी तिथून हलवलेलं असतं.

आता माझ्यावर उलटलेला भाग. गणपतीनंतर दोन दिवसांनी नातू माझ्याजवळ येऊन बसला आणि शांतपणे म्हणाला, "आजी, तू जन्मभर तिथून चार गल्ल्यांवर राहिलीस. तुझ्याकडे गिरणीचा एक तरी फोटो आहे?"

नाही. माझ्याकडे वडिलांचा एकच फोटो आहे, स्टुडिओतला, उसन्या कोटातला, मागे रंगवलेलं कारंजं. गिरणीच्या गेटच्या आत मी कधी गेलेच नाही. वडिलांचा डबा गेटपर्यंत, मी गेटपर्यंत. साचेखातं कसं दिसतं ते मी, त्यांची मुलगी, पंचाहत्तरीला टेकल्यावर पहिल्यांदा पाहिलं ते या मुलाच्या फोटोत. इतकी वर्षं मी मराठी शिकवलं, संपावरची पुस्तकं वाचली, नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्या तोंडून लिहून घेतलेला इतिहास दोनदा वाचला, पण वडिलांना 'तुमचा साचा कितवा?' एवढं विचारलं नाही. वहिनींचं प्रकरण समोर येईपर्यंत मस्टर नावाच्या वहीची मलाही पर्वा नव्हती. तेव्हा तो निदान गेला. भिंत चढून, पँट फाडून घेऊन गेला. फिनिक्स मिलची चिमणी मॉलमध्ये उभी आहे, तिच्या सावलीत आइस्क्रीम खाणाऱ्यांपेक्षा (त्यात मीही आले) त्याने जास्त पाहिलं.

म्हणूनच तर राग आला मला. न जाणाऱ्यावर कशाला रागवायचं?

आता आमचा तह झाला आहे. जावं, पण भिंत चढून नाही. आधी वॉचमनशी बोलावं, चहा पाजावा, त्याला काय माहीत आहे ते विचारावं. गिरणीचं नाव, खातं, कधीपासून बंद, हे फोटोखाली हवंच, ते कळलं नाही तर फोटो लावायचा नाही. खांबावर रंगवलेले नंबर, भिंतीवरच्या सूचना, यंत्रावरचं नाव हे कापायचं नाही. कागद दिसले तर वरून, सरळ, एकेक पान, सगळं स्पष्ट, मग ते कितीही कंटाळवाणं दिसो. त्यानंतर पिंपळाचे हवे तेवढे काढ बाबा, माझं काही म्हणणं नाही. चप्पल जिथली तिथे. आणि 'पानगळ' हे नाव काढून टाकायचं. ते त्याने काढलं. आता तिथे लिहिलंय, 'टाइम ऑफिसमधली मस्टरं, २०२२. शेड पाडलं.' 'पडलं' लिहिलं होतं, मी काना घालायला लावला. लाइक कमी झाले म्हणे.

येत्या रविवारी तो आणि मी डिलाइल रोडला जाणार आहोत. वडिलांच्या शेजारच्या साच्यावर जे होते ते काका तिथे मुलाकडे असतात, वय ऐंशीच्या पुढे. नातू लॅपटॉपवर ते लांब शेड दाखवणार आणि कुठला खांब, कितवा साचा, कोण कुठे उभं राहायचं ते विचारून लिहून घेणार. काकांना ऐकू येत नाही, फार वर्षं झाली. नातवाला सांगून ठेवलंय, कानाशी जाऊन ओरडू नकोस. समोर बस, उजेडात, आणि ओठ नीट हलव. त्यांना सगळं कळतं.